पावसाचा अंदाज आहे, सिटी सायकल टूर रद्द करायची का?

प्रश्न थोडक्यात असा: चौघांचं कुटुंब सुट्टीत एका परक्या शहरात चाललंय. नवरा-बायको, ११ वर्षांची मुलगी आणि सत्तरीला टेकलेली आई. गाईडसोबतची तीन तासांची सायकल टूर महिन्याभरापूर्वीच बुक झालीय. आता त्या दिवसाचा अंदाज बघितला तर पावसाची शक्यता ७० टक्के, वारंही आहे. पैसे परत मिळण्याची मुदत उद्या संपतेय. जायचं की सोडून द्यायचं?

मी बरीच वर्षं अशा टूर घेऊन जातेय, त्यामुळे हा प्रश्न पावसाळी हवेत जवळपास रोजचाच. नुसत्या पावसासाठी रद्द करू नका. वारा, वीज आणि थंडी बघून ठरवा. आणि त्याच्याही आधी टूरवाल्यांना एक फोन लावून विचारा, की पाऊस असला तर तुम्ही टूरमध्ये काय बदलता? मी तुमच्या जागी असते तर निम्म्याहून जास्त निर्णय या एका उत्तरावर सोडला असता.

चांगलं उत्तर साधारण असं येतं: रस्ता छोटा करतो, नदीकाठचा उघडा पट्टा गाळतो, माहिती सांगायचे थांबे कमानीखाली किंवा छपराखाली घेतो, फरसबंदीच्या उताराच्या गल्लीत सायकल हातात धरून चालतो, आणि कुणाला मध्येच सोडायचं असेल तर अमुक ठिकाणाहून बस किंवा ट्राम मिळते. वाईट उत्तर हसतमुख असतं: ‘काही काळजी करू नका, आम्ही कुठल्याही हवेत जातो, पोंचो फुकट देतो.’ पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा ढगळ रेनकोट, दिला म्हणजे तयारी झाली असं नाही. ओल्या दिवसाची टूर ही वेगळी आखावी लागते. कोरड्या दिवसाचीच टूर भिजत करायची असेल, तर पैसे परत घ्या.

असं का म्हणते, त्यासाठी तीन तासांचा हिशेब बघा. सिटी टूरमध्ये अंतर असतं १० ते १५ किलोमीटर. गटाचा वेग ताशी १० च्या आसपास, कारण सिग्नल, गल्ल्या आणि सगळ्यात सावकाश चालवणारा माणूस. म्हणजे प्रत्यक्ष पायडल मारणं होतं तास-दीड तास. उरलेला सगळा वेळ तुम्ही एक पाय जमिनीवर टेकवून उभे असता आणि गाईड बोलत असतो. चालवताना अंग गरम असतं, रेनकोटच्या आत घामही येतो. मग थांबता. आतून घामाने ओले, बाहेरून पावसाने ओले, आणि चौकात वारा. माणसं गारठतात ती इथे. पाण्यातून अंगाची उष्णता हवेपेक्षा पंचवीसेक पट लवकर निघून जाते, त्यामुळे ओला कपडा अंगाला चिकटलेला असताना पाच मिनिटांची माहितीही लांबते. ऐतिहासिक कारंज्यापुढे पंधरा मिनिटं उभं करणारा गाईड कोरड्या दिवशी अभ्यासू वाटतो. पावसात गटातले लोक फक्त तो कधी थांबतोय याची वाट बघतात.

थंडीचा आकडा काढताना नुसतं तापमान बघू नका. ५ अंश तापमान आणि ताशी २० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ते सुमारे १ अंशासारखं लागतं. १० अंशाला तोच वारा असेल तर ७ अंशासारखं. हे हिशेब कोरड्या त्वचेसाठी आहेत, ओल्याला त्याहून वाईट. माझा स्वतःचा नियम: १५ अंशांच्या वर पाऊस म्हणजे नुसती गैरसोय. ८ ते १५ मध्ये कपडे नीट असतील तर जा. ८ च्या खाली पाऊस आणि वारा दोन्ही असतील तर लहान मुलांना आणि वयस्कर माणसांना नेऊ नका. तापमान शून्याच्या आसपास असेल तर प्रश्नच मिटला, कारण पूल आणि सावलीतले कोपरे आधी गोठतात आणि तो बर्फ दिसत नाही.

आता वारा. पाऊस डोळ्यांना दिसतो म्हणून लोक त्यालाच घाबरतात. खरं तर सायकल चालवणं सगळ्यात जास्त बिघडवतो तो वारा. त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी २० चा वारा ४० झाला की ढकलणारा जोर चौपट. त्यात भाड्याच्या सिटी सायकलवर आपण ताठ बसतो, छातीचा पडदा करून. अंदाजात दोन आकडे असतात, सरासरी वारा आणि झोत. झोताचा आकडा बघा, कारण माणूस झोताने पडतो. झोत ताशी ४० पर्यंत असतील तर बंद वस्तीतून चालवता येतं. ५० च्या वर असतील तर मी गट बाहेर काढत नाही. हॉटेलच्या दारात उभं राहून तपासायची एक सोपी खूण आहे: रस्त्यावरच्या लोकांना छत्री सांभाळणं अवघड जातंय का? वाऱ्याच्या ब्युफोर्ट मापनात सहाव्या पायरीचं वर्णनच तसं आहे आणि ती पायरी ताशी ३९ ते ४९ किलोमीटरची.

शहरात वारा सरळ वाहत नाही हेही लक्षात ठेवा. उंच इमारतीच्या कोपऱ्यावर तो एकदम अंगावर येतो. दोन इमारतींमधल्या फटीपाशी, पुलाच्या मध्यावर, आणि शेजारून बस गेली की तिच्या मागोमाग. ११ वर्षांच्या मुलीचं वजन कमी, त्यामुळे ती बाजूच्या झोताने सहज हातभर सरकते. तिला पुलावर कठड्याच्या बाजूने, मोठ्या माणसाच्या मागे ठेवा, आणि तिच्या शेजारी कुणी चालवू नये. बरे गाईड वाऱ्याच्या दिवशी टूर उलटी फिरवतात: सुरुवातीला अंगात दम असताना वाऱ्याविरुद्ध, येताना वारा पाठीवर.

विजेच्या बाबतीत घासाघीस नाही. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पोहोचेल इतक्या अंतरावर ढग आहे. चमक आणि आवाज यांत तीन सेकंदांचं अंतर म्हणजे साधारण एक किलोमीटर. आवाज आला की पक्क्या इमारतीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. झाड नको, बसथांब्याचं छप्पर नको, मोकळ्या मैदानातला मंडप नको. सायकलचे टायर रबराचे असतात म्हणून आपण सुरक्षित, हा समज अजूनही दर मोसमात कुणीतरी ऐकवतं. त्याला काही अर्थ नाही. गाईड ‘दोन मिनिटांत जाईल’ म्हणत पुढे काढत असेल तर तुम्ही थांबा. तो चिडला तर चिडू दे.

तुमच्या त्या ७० टक्क्यांचं काय? दिवसातला ७० टक्के वेळ पाऊस पडेल असा त्याचा अर्थ नाही. ठरावीक कालावधीत तुमच्या ठिकाणी मोजता येण्याइतका पाऊस पडण्याची शक्यता दहात सात, एवढंच. तो वीस मिनिटांच्या एका सरीत पडून जाईल किंवा दिवसभर रिपरिपत राहील, हे त्या आकड्यातून कळत नाही. म्हणून तासवार अंदाज उघडा आणि मिलिमीटर बघा. तासाला अडीच मिलिमीटरपर्यंतच्या पावसाला हवामानशास्त्रात हलका म्हणतात. अशा पावसात मी कित्येक गट हसतखेळत परत आणलेत. पाच-सहाच्या पुढे गेलं की गाईडचं बोलणं टोपीखाली ऐकू येत नाही, चष्मेवाल्यांना दिसत नाही, आणि टूरचा हेतूच उरत नाही.

टूर चार-पाच दिवसांवर असेल तर या तासवार आकड्यांवर फार विसंबू नका. ते खरे उपयोगी पडतात आदल्या संध्याकाळपासून. त्या दिवशी सकाळी पावसाचा रडार बघा. ढगांचा पट्टा कुठून कुठे सरकतोय हे दिसतं आणि पुढच्या तास-दीड तासाचा अंदाज बांधता येतो. उष्ण प्रदेशात ढग दुपारनंतर जमून गडगडतात, तिथे सकाळची पहिली टूर घ्या. समुद्रकाठच्या थंड प्रदेशात पावसाचा लांब पट्टा येतो, निघून जातो, आणि मागे उघडझाप आणि वारा ठेवून जातो. अशा ठिकाणी तीन तास पुढे सरकलात तर दिवस बदललेला असतो. म्हणून टूरवाल्यांकडे रद्द करण्याआधी वेळ बदलून मागा. पैसे परत द्यायला कुरकुर करणारे लोक वेळ बदलून द्यायला सहसा तयार असतात, कारण पावसाच्या दिवशी त्यांच्याकडे जागा रिकाम्याच असतात.

समजा जायचं ठरलं. मग रस्त्याविषयी थोडं.

ओल्या रस्त्यावर सायकल घसरते म्हणून लोक टायरवरची नक्षी बघतात. तिने फारसा फरक पडत नाही. गाडीचा रुंद टायर जसा पाण्यावर तरंगतो तसा सायकलचा अरुंद, गोल टायर आपल्या वेगाला तरंगत नाही. तो पाणी बाजूला सारून रस्त्याला टेकतो. घसरण होते ती खाली काय आहे यामुळे. खडबडीत डांबर ओलं असलं तरी बरीच पकड देतं. गटारांची लोखंडी झाकणं, झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे, पुलाच्या सांध्यावरची धातूची पट्टी, गुळगुळीत फरसबंदी, लाकडी फळ्या आणि चिकटलेली पानं यांच्यावर मात्र अजिबात भरवसा नाही. बऱ्याच दिवसांच्या कोरड्यानंतर आलेल्या पहिल्या सरीची पंधरा-वीस मिनिटं सगळ्यात निसरडी, कारण तेल आणि धूळ मिळून रस्त्यावर पातळ राबडी होते. तेवढा वेळ छपराखाली काढला तर शहाणपणाचं. अशा पृष्ठभागावरून जाताना एकच गोष्ट पाळायची: सरळ जा. त्याच्यावर वळू नका, ब्रेक लावू नका, जोरात पायडल मारू नका. वेग आधीच कमी करून घ्या आणि सायकल नुसती घरंगळू द्या.

ट्रामचे रूळ असलेल्या शहरात याहून जास्त काळजी हवी. रुळाची खाच साधारण साडेतीन-चार सेंटिमीटर रुंद असते, सायकलचं चाक तिच्यात बसायला पुरेशी. आणि ओलं पोलाद काचेसारखं. मी गटाला पहिल्या रुळापाशी थांबवते आणि एकेकाला पाठवते. रुळाच्या तीन-चार मीटर आधी मागे बघायचं, मग थोडं बाहेरच्या बाजूला जायचं, म्हणजे वळून काटकोनात यायला जागा मिळते. पुढचं चाक रुळावर येईपर्यंत हँडल सरळ झालेलं हवं. पायडल थांबवलेले, बोटं ब्रेकवरून सैल, नजर रुळावर नाही तर पलीकडच्या डांबरावर. पुढचं चाक गेलं म्हणून लगेच वळायचं नाही, मागचंही जाऊ द्यायचं. दुसऱ्या चाकाच्या वेळीही माणसं पडतात. मागून गाडी आहे आणि जागा मिळत नाही, तर उतरा आणि चालत ओलांडा. त्यात कमीपणा काही नाही, मीही उतरते.

ब्रेकची ओळख सायकल ताब्यात घेतानाच करून घ्या. चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, रबराचे तुकडे घासून थांबणारी सायकल असेल तर पावसात पहिल्या फेऱ्यांत ब्रेक लागतच नाही असं वाटेल, कारण आधी रिमवरचं पाणी पुसलं जातं आणि मग पकड येते. थांबायच्या बरंच आधी हलके ब्रेक दाबून रिम पुसून घ्यायची सवय ठेवा. डिस्क किंवा चाकाच्या मध्यात बंदिस्त असलेल्या ब्रेकला हा त्रास फारसा नाही. काही सिटी सायकलींना पायडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. सवय नसेल तर सिग्नलला थांबताना पायडल नीट जागेवर आणायला गेलेला माणूस अचानक थांबतो आणि मागचा त्याच्यावर येतो. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: डाव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या बहुतेक देशांत उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, उजव्या बाजूने चालणाऱ्या बहुतेक देशांत डाव्या हाताला. घाबरून एकच हात दाबला आणि तो पुढच्या चाकाचा निघाला, तर ओल्या वळणावर चाक निसटतं. सायकल हातात घेऊन ढकला, एकेक ब्रेक दाबा, कुठला कुठला ते बघा. दहा सेकंदांचं काम. सीटची उंचीही पावसात बोटभर कमी ठेवा, दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत.

कपड्यांत सर्वात वाईट निवड म्हणजे जीन्स. भिजली की जड होते, गुडघ्याला ओढते, आणि दिवसभर वाळत नाही. पटकन वाळणारी पातळ पँट परवडली, तीही पाऊस उबदार असेल तर अर्धीच बरी, कारण त्वचा पुसता येते. पोंचो वारा नसताना उत्तम, हँडलवर पसरला की मांड्याही कोरड्या राहतात. वारा असला की त्याचं शीड होतं, तेव्हा जाकीटच हवं. जाकिटाची टोपी हेल्मेटच्या वर ओढू नका. मान वळवली की टोपी जागेवरच राहते आणि तुम्हाला टोपीचं अस्तर दिसतं. हेल्मेटखाली पुढे चोच असलेली पातळ टोपी घाला, चष्म्यावरचं पाणी बरंच कमी होतं. थंडी असेल तर हातमोजे आणि बॅगेत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कोरडा जोड मोजे आणि एक कोरडा टी-शर्ट, माणशी. मधल्या चहा-कॉफीच्या थांब्यावर नुसता टी-शर्ट बदलला तरी माणूस पुन्हा माणसात येतो. मोबाइलच्या पडद्यावर थेंब पडले की बोटाला दाद देत नाही, तेव्हा रस्ता शोधायची जबाबदारी गाईडवर टाका आणि जमण्याच्या ठिकाणाचा पत्ता कागदावर लिहून ठेवा. पासपोर्ट खिशात नको.

वाहतुकीत काय बदलतं? गाड्यांच्या काचा धुक्याने भरतात आणि चालकाला तुम्ही दिसत नाही. दिवे दिवसाही लावा. छत्रीवाले पादचारी सायकलवाल्यांच्या वाट्याला येणारी खास पावसाळी पीडा. वाऱ्याकडे छत्री तिरकी धरून, मान खाली घालून ते सरळ सायकलच्या पट्ट्यात उतरतात. घंटी लवकर वाजवा, आणि छत्री दिसली की तो माणूस तुम्हाला बघत नाहीय असंच धरून चाला. डबक्याचा तळ दिसत नसेल तर त्यातून जाऊ नका, खाली खड्डा असू शकतो. पुढच्या सायकलपासून नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अंतर ठेवा. सिग्नल पिवळा झाला की थांबा, गट पुढे गेला तरी. गाईड पलीकडे थांबेलच. गट तुटू नये म्हणून लाल सिग्नलला घुसण्यात सगळ्यात मोठा धोका असतो. गटात दोन गाईड असतील, एक पुढे आणि एक सगळ्यांच्या मागे, तर अशा दिवशी तीच सर्वांत मोठी सोय.

आता तुमच्या घरच्यांविषयी. मुलीची मला काळजी नाही. ११ वर्षांचं, सायकल येणारं मूल पावसात खूश असतं, फक्त थांब्यावर गारठतं, म्हणून तिचं जाकीट स्वस्तातलं घेऊ नका. (मागच्या सीटवर बसणारं लहान मूल असतं तर उत्तर वेगळं असतं. ते पायडल मारत नाही, त्यामुळे गटातल्या सगळ्यांत आधी तेच थंड पडतं.) प्रश्न आईंचा आहे. त्या एरवी सायकल चालवतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नियमित चालवत असतील तर येऊ द्या. बऱ्याच वर्षांनी बसणार असतील तर ओला, अनोळखी रस्ता ही त्याची जागा नाही. ई-सायकल देतो म्हणतील, पण ती जड असते, आणि ओल्या झाकणावरून निघताना मोटरचा धक्का नवख्या माणसाला सांभाळत नाही. घ्यायचीच तर मदत सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवून. त्यापेक्षा आईंना शेवटच्या किंवा मधल्या थांब्यावर बसने किंवा ट्रामने येऊन भेटू द्या. बहुतेक गाईड याला आनंदाने हो म्हणतात, कारण रडतखडत चालवणारा एक माणूस सगळ्या गटाला भिजवत ठेवतो. आईंचा मान राखायचा म्हणून त्यांना ओढत नेऊ नका, आणि त्यांच्यासाठी बाकी तिघांनी टूर सोडू नये.

प्रवास विम्याची पॉलिसीही एकदा उघडून बघा. काहींमध्ये ई-सायकल किंवा हेल्मेटविना झालेली दुखापत धरत नाहीत.

मुदत उद्याची आहे, म्हणून टूरवाल्यांना आजच लेखी पाठवा, म्हणजे उत्तर हातात राहील. असं काहीसं: ‘आम्ही चौघं आहोत, त्यात एक ११ वर्षांची मुलगी आणि एक सत्तरीच्या आसपासच्या बाई. त्या दिवशी पाऊस आणि वाऱ्याचा अंदाज आहे. अशा हवेत तुम्ही रस्ता आणि थांबे कसे बदलता? किती वाऱ्याला टूर रद्द करता, आणि तो निर्णय किती वाजता कळवता? तुम्ही रद्द केली तर पूर्ण पैसे परत की दुसरी तारीख? त्याच दिवशी वेळ बदलून मिळेल का? आमच्यापैकी एकजण मधल्या थांब्यावर येऊन भेटला तर चालेल का? सायकलींना कुठल्या प्रकारचे ब्रेक आहेत?’ संध्याकाळपर्यंत या सहाही प्रश्नांची सरळ उत्तरं आली तर बुकिंग राहू द्या. पोंचोचा फोटो आला तर रद्द करा.